रात्री साडेअकराचा फोन

विषय: दहावीतला भाचा, ठाणे (सल्ला हवा)

नमस्कार मंडळी,

इथे इंग्लंडात हळदीकुंकवाची यादी करायला बसले होते, ती बाजूला ठेवून हे लिहितेय.

माझी धाकटी बहीण घोडबंदर रोडला, कासारवडवलीत राहते. तिचा मुलगा यंदा दहावीला आहे, स्टेट बोर्ड. प्रिलिमला गणितात मार्क कमी पडले आणि तेव्हापासून त्याचं जेवणावरचं मनच उडालंय. पोट दुखतं म्हणतो. डॉक्टरांनी तपासलं, पोटात काही निघालं नाही. रात्री तीनला उठून पुस्तक उघडतो आणि तासभर तेच पान. बहीण फोनवर रडते. मी रोज ऑफिसातून सहाला सुटले की त्याला फोन करते, कुठवर आलं ते विचारते, धीर देते. परवा त्याने फोन घेतलाच नाही.

समुपदेशकाकडे न्या म्हटलं, तर बहिणीचे सासरे म्हणाले, "ठाण्यात राहून आता ठाण्याला जायचं का?" सगळे हसले म्हणे. मला काही हसू आलं नाही.

रजा काढून महिनाभर तिकडे जाऊ का? तिथलं कुणी माहितीतलं आहे का?

– लीड्सची मावशी

*

उत्तर: दहावीतला भाचा, ठाणे

ताई, एवढं मनावर घेऊ नका. मी कितवीत आहे हे आमच्या वडिलांना निकालाच्या दिवशी कळायचं. आता घरात पोर एक आणि त्याच्यामागे मोठी माणसं सहा! त्याला सांगा, टेन्शन घेऊ नकोस, सगळं ठीक होईल. आणि तो मोबाइल आधी काढून घ्या.

– स्लाउचे काका

*

उत्तर: दहावीतला भाचा, ठाणे

ताई आणि काका,

मी अकरा वर्षं लीड्सला होते. आईच्या आजारपणासाठी आले ती इथेच, ठाण्यातल्या नौपाड्यात राहिले. तुमच्या मेलच्या यादीतून नाव काढायचं राहून गेलं ते बरंच झालं. माझ्या लेकीची दहावी गेल्या वर्षी झाली, त्यामुळे जखम ताजी आहे.

आधी तिकिटाचं. येऊ नका. काकांचा सहा माणसांचा हिशेब बरोबर आहे, तुम्ही सातव्या व्हाल. आणि ताई, राग मानू नका, पण तुमचे संध्याकाळचे सहा म्हणजे इथे रात्रीचे साडेअकरा. पोरगा अंथरुणाला पाठ टेकणार, तेवढ्यात हजेरी: कुठवर आलं? तीनला उठून तो त्याच प्रश्नाचं उत्तर शोधत असेल.

"टेन्शन घेऊ नकोस" हे मीही दिवसातून दहा वेळा म्हणायचे. एकदा लेक म्हणाली, "मी घेत नाही गं, ते येतं." त्यानंतर माझी बोलती बंद.

पोटदुखी नाटक नाही, हे त्याच्या आजोबांना आवर्जून सांगा. भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागतं, रक्त हातापायांकडे धावतं आणि पचन मागे पडतं. म्हणून पोटात गोळा येतो, मळमळतं. त्याला बळेच चार पोळ्या वाढू नका. मऊ वरणभात, दहीभात, थोडं थोडं करून दिवसातून चारदा. तिखट सगळं शेवटच्या पेपरनंतर, मामलेदारला मिसळ खायला जाऊन.

आता माझ्या घरचा किस्सा. लेकीच्या पहिल्या पेपरला बारकोडचं स्टिकर चिकटवतानाच तिचा हात थरथरत होता. अर्ध्या तासाने मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, पुरवणी!" झालं. हिची मुख्य उत्तरपत्रिका निम्मीही भरली नव्हती. येत असलेलं उत्तर अर्ध्यात सुटलं. घरी आल्यावर मी काय करावं? दारातच विचारलं, "कसा गेला?" ती म्हणाली, "आई, हे विचारताना तुझा आवाज बारीक होतो." फ्रिजवर मी लाल पेनाने वेळापत्रक लावलं होतं, ते त्या संध्याकाळी तिने काढून नीट घडी घालून माझ्या हातात दिलं.

मग आम्ही दोघींनी पुरवणीचा सराव केला. खरंच. ती डायनिंग टेबलावर पेपर सोडवायची आणि मी स्वयंपाकघरातून मधूनच ओरडायचे, "सर, पुरवणी!" पहिल्यांदा दचकली, नंतर हसायला लागली. ठरलं होतं एवढंच: पेन खाली, दोन्ही पावलं जमिनीला टेकवायची, श्वास घेतला त्यापेक्षा सावकाश सोडायचा, पाच-सहा वेळा. लांब उच्छ्वासाने छातीतली धडधड खरोखर उतरते. मग येत असलेला सोपा प्रश्न आधी धरायचा.

हा सराव सकाळी अकरालाच करा, कारण बोर्डाचा पेपर अकराला असतो. रात्री तीनला जागणारं डोकं सकाळी अकराला पेंगतं. या वयात आठ ते दहा तास झोप लागते आणि वाचलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं. तेच पान पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवेल ते कागदावर लिहायचं आणि मग ताडून बघायचं. सुरुवातीला निम्मंच आठवतं, पोरं खट्टू होतात. पण आठवायची ती धडपडच कामाला येते.

गणिताची भीती आकडे मांडून थोडी उतरवा. ४०-४० गुणांचे दोन पेपर असतात, वेगवेगळ्या दिवशी, दोन-दोन तासांचे, आणि २०२३ पासून शेवटी दहा मिनिटं जास्त मिळतात. २० गुण शाळेचे अंतर्गत. पास व्हायला शंभरात ३५. टक्केवारी काढताना सहा विषयांतले चांगले पाच धरतात, म्हणजे गणितात नुसतं पास झालं तरी ते टक्के खाली ओढत नाही. अगदी अडलंच तर दोन विषयांपर्यंत एटीकेटी आहे (म्हणजे ते विषय राहिले तरी अकरावीला जाता येतं), पुरवणी परीक्षा आहे, निकाल पटला नाही तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. हे सगळं त्याला माहीत असेल. घरातल्या मोठ्यांना माहीत आहे, हे त्याला माहीत नसेल.

केंद्र कुठे आलंय ते कळलं की एकदा पेपरच्या वेळेला जाऊन या. घोडबंदरचं ट्रॅफिक तुम्ही विसरला असाल, बहीण विसरलेली नाही.

काका, मोबाइल काढून घेऊ नका. मित्र त्यातच आहेत. रात्री दहानंतर तो हॉलमध्ये चार्जिंगला ठेवायचा, पण घरातल्या सगळ्यांनी. आमच्याकडे सगळ्यात जड माझ्या नवऱ्याला गेलं.

आता आजोबांचा विनोद. इथलं मनोरुग्णालय १९०१ चं, विनोदही त्याच वयाचा. त्यांना सांगा, याच ठाण्यात मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये आय.पी.एच. ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली आणि तिथे परीक्षेच्या धास्तीने आलेली पोरं काही नवलाची नाहीत. आम्ही गेलो होतो. चार बैठका, औषध नाही. तुमच्या भाच्याचं जेवण आणि झोप दोन्ही बिघडलंय, तेव्हा परीक्षा होऊ दे मग बघू, असं करू नका.

एक गोष्ट बहिणीने शांतपणे, एकटं गाठून विचारावी: कधी नकोसं वाटतं का रे, जगणंच नको असं? विचारल्याने डोक्यात भलतं येत नाही, उलट मुलं सुटल्यासारखी बोलतात. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. तो बहिणीने किंवा त्याने इथूनच लावायचा.

आणि तुम्ही फोन कराच, पण तुमच्या जेवणाच्या सुट्टीत. अभ्यास सोडून काहीही विचारा.

– नौपाड्याहून

*

उत्तर: दहावीतला भाचा, ठाणे

ताई,

काल दुपारी साडेबाराला केला, तिकडे सहा. "काय रे" म्हटलं आणि पुढे काय विचारावं ते सुचेना. वर्षभरात मी त्याला मार्कांशिवाय काही विचारलंच नव्हतं. शेवटी त्यानेच विचारलं, तिकडे बर्फ पडलाय का. मग त्यांच्या गेटजवळच्या कुत्रीला झालेल्या पाच पिल्लांवर वीस मिनिटं बोलला. फोन ठेवताना म्हणाला, "भूमितीचं काहीच डोक्यात शिरत नाही गं." मी "हं" म्हटलं, एवढंच.

बहिणीने तुम्ही सांगितलेलं विचारलं. "तसं नाही गं, फक्त परीक्षा नको वाटते," म्हणाला. तरी मंगळवारची वेळ घेतली आहे. ट्रॅफिकमध्ये रिक्षा अडकेल म्हणून आजोबाच स्कूटरवरून सोडणार आहेत. विनोदाचं कुणी काढलं नाही.

काका, हळदीकुंकवाच्या यादीत तुमच्याकडून किती जण ते कळवा.

– लीड्सची मावशी