मदत हवी आहे: हार्ड क्रोम प्लेटिंगच्या कामामुळे नवऱ्याच्या नाकाच्या पडद्याला भोक, पुढे काय करावं?

नमस्कार मंडळी,

गेले तीन-चार महिने रात्री झोपेत नवऱ्याच्या नाकातून बारीक शिट्टी वाजते. आधी वाटलं सर्दी असेल. मग सकाळी तोंड धुताना बेसिनमध्ये रक्ताच्या खपल्या दिसायला लागल्या. मागच्या आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी एका नाकपुडीत बॅटरीचा उजेड टाकला, तर तो दुसऱ्या नाकपुडीतून दिसला. मधल्या पडद्याला मसुराएवढं भोक पडलंय. दुखत काहीच नाही, त्यामुळे त्याला पत्ताच नव्हता. डॉक्टर म्हणाले, "प्लेटिंगवाल्यांना होतं असं," आणि मलम लिहून दिलं. कामाचा उल्लेख कागदावर केलाच नाही.

तो भोसरीत पंचवीस-सव्वीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये अकरा वर्षं हार्ड क्रोमच्या (म्हणजे धातूच्या भागांवर क्रोमियमचा जाड थर चढवण्याच्या) टँकवर आहे. हायड्रॉलिक सिलिंडरचे रॉड, डाय, रोलर असे जॉब येतात. टँकमध्ये पन्नास-पंचावन्न अंशांना तापवलेलं क्रोमिक ॲसिड. करंट सुरू केला की हायड्रोजनचे बुडबुडे वर येऊन फुटतात आणि ॲसिडचे बारीक तुषार हवेत उडतात. हे लोक त्याला 'धूर' म्हणतात, पण तो धूर नव्हेच. त्यात षट्संयुजी (हेक्झाव्हॅलंट) क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप असतं. मी शाळेत विज्ञान शिकवते. प्रयोगशाळेतलं डायक्रोमेट याच जातीचं, त्याची बाटली उघडताना आम्ही हातमोजे घालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं हे क्रोमियम पहिल्या गटात ठेवलंय, म्हणजे माणसाला फुफ्फुसाचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं. नाकाचं भोक म्हणजे कर्करोग नव्हे, हे मला समजतं. पण अकरा वर्षं किती तुषार आत गेले असतील याचा तो पुरावा आहे, आणि तेच डोक्यातून जात नाही.

टँकच्या दोन्ही कडांना हवा ओढून घेणारी फट आहे, तिला डक्ट जोडलेला. पण ब्लोअरची मोटर मागे जळाली, भरून आणली, आणि तेव्हापासून ओढ राहिलेलीच नाही. मी त्याला म्हटलं, टिश्यू पेपरची पट्टी फटीसमोर धरून बघ. (उदबत्ती अजिबात धरायची नाही, तिथे हायड्रोजन असतो.) पट्टी सरळ खाली लोंबत राहिली, हललीसुद्धा नाही.

शेठना सांगितल्यावर त्यांनी मास्कचा एक बॉक्स आणून दिला. साधे कापडी मास्क, तासाभरात ओले होतात. माझं म्हणणं असं, की मास्क सगळ्यात शेवटी येतो. आधी तुषार उडूच द्यायचे नाहीत: टँकमधल्या ॲसिडवर तरंगणारे प्लास्टिकचे गोळे टाकायचे, तुषार दाबणारं रसायन घालायचं, जमेल तिथे झाकण ठेवायचं. उडतील तेवढे कडेलाच ओढून घ्यायचे. शोभेच्या प्लेटिंगला त्रिसंयुजी क्रोमियमचा पर्याय आहे. हार्ड क्रोमच्या जाड थराला तो सहज चालत नाही, म्हणून तर एक्झॉस्ट महत्त्वाचा. आपल्याकडे कारखाने कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात हवेतल्या क्रोमिक ॲसिडची मर्यादा घनमीटरला 0.05 मिलिग्रॅम होती. अमेरिकेनं 2006 मध्ये षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा 0.005 केली, युरोपीय संघात जानेवारी 2025 पासून तेवढीच आहे. इथे तर हवा कधी मोजलेलीच नाही.

एक गोष्ट लिहिताना हात थरथरतोय. त्याच्या शर्टाच्या कॉलरला, बनियनला पिवळे डाग असतात. इतकी वर्षं मी ते कपडे धाकटीच्या युनिफॉर्मसोबत एकाच बादलीत भिजवत होते. आता वेगळी बादली केलीय, बूट दाराबाहेर, आणि घरी आल्याआल्या तो आंघोळ करतो.

मला विचारायचंय ते असं. तो ठेकेदाराच्या पटावर आहे, पगार एकोणीस हजार, ईएसआय (कामगार विमा) कापला जातो. तक्रार केली तर उद्यापासून येऊ नको म्हणतील, ही त्याची भीती. नोकरी न जाता एक्झॉस्ट दुरुस्त करून घेणं कुणाला जमलंय का? लघवीतलं क्रोमियम कामाची शिफ्ट संपताना तपासतात असं वाचलं; पिंपरी-चिंचवडमध्ये ते कुठे होतं?

संपादन, रविवार रात्र: सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गोष्टी मला ठाऊकच नव्हत्या, म्हणून प्रतिसादांतून इथे वर आणतेय. एक, क्रोममुळे होणारी जखम आणि तिचे परिणाम हा सरकारला कळवायचा आजार आहे. तो कारखाने कायदा, 1948 च्या यादीत होता आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेच्या यादीतही आहे. म्हणजे डॉक्टरांनी नुसतं मलम देऊन भागत नाही. ईएसआयच्या परिशिष्टातही क्रोमियमचे आजार आहेत, त्यासाठी सहा महिने सलग काम झालेलं असावं लागतं. दुसरं, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 81 क्रमांकाचा, कामाच्या जागांच्या तपासणीचा करार भारतानं 1949 मध्येच मान्य केलाय आणि त्यात तक्रार कुणी केली हे निरीक्षकानं गुप्त ठेवायचं असतं.

गुरुवारी त्याची सुट्टी आहे. आधी ईएसआयच्या दवाखान्यात जाऊन 'अकरा वर्षं क्रोमिक ॲसिडच्या टँकवर काम' हे वाक्य केसपेपरवर लिहून घेणार, मग औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या (कारखाने तपासणारं सरकारी खातं) कार्यालयात. टँकवर आणखी तिघे आहेत, त्यातला एक जेमतेम एकोणीस वर्षांचा. त्याच्याही नाकातून रक्त येतं असं काल कळलं. अर्ज चौघांच्या सहीनं द्यावा की निनावी? या कार्यालयाचा अनुभव असलेल्यांनी बुधवारपर्यंत सांगितलंत तर फार बरं होईल.