उताडा हिकारू : ओढ गेली नाही, आत गेली

जपानी पॉपमधल्या उताडा हिकारू यांची 2016 पासूनची गाणी सपाट झाली, 'फर्स्ट लव्ह' या अल्बममधली ओढ गेली, हे मत मला अजिबात पटत नाही. 1998 चं पहिलंच जपानी गाणं 'ऑटोमॅटिक' हेडफोन लावून ऐका. सुरुवातीलाच 'सात' या अर्थाचा जपानी शब्द 'नाना' मधेच तोडलाय : 'ना' वेगळा, मग क्षणभर थांबून पुढचा 'ना'. जपानी शब्द असा आर अँड बीच्या (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतातून आलेल्या शैलीच्या) तालावर बसवणारा हा गळा तेव्हा अवघा पंधरा वर्षांचा होता! पुढच्या वर्षीचा 'फर्स्ट लव्ह' जपानमध्ये सर्वाधिक खपलेला अल्बम ठरला.

मग 2010 च्या अखेरीस दीर्घ विश्रांती. 2013 मध्ये आई गेली, स्वतः एन्का, म्हणजे हळवी जपानी गाणी, गाणारी नामवंत गायिका फुजी केइको. 2016 च्या 'फँतोम' या पुनरागमनाच्या अल्बममध्ये त्या दुःखाची छाया आहे. इंग्रजी शब्दांची पेरणी कमी झाली, जपानी शब्द सुटे, स्वच्छ ऐकू येऊ लागले. 'हानाताबा ओ किमि नि' ('तुला पुष्पगुच्छ') हे गाणं तर आईला दिलेला पुष्पगुच्छच आहे. आवाज कुठेही चढवलेला नाही, आणि तरी माझा गळा दाटून येतो. याला सपाट कसं म्हणायचं?

'बॅड मोड' (2022) हा अल्बम मात्र घाईत ऐकू नका. शेवटाकडचं मार्सेलवरचं गाणं जवळपास बारा मिनिटांचं आहे, फ्लोटिंग पॉइंट्स या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक संगीतकारासोबत केलेलं. शब्द मागे पडतात, ठेका चालत राहतो. रात्री, दिवे घालवून ऐकून बघा.