मदत हवी: डमी लोडवर पास, प्लाझ्मा पेटला की ईएमसी (विद्युतचुंबकीय अडथळ्यांची चाचणी) नापास

नमस्कार मंडळी,

आम्ही वेफर एचिंगचं (चिप बनवताना सिलिकॉनची चकती प्लाझ्माने कोरायचं) मशीन बनवतो. गिऱ्हाईक युरोपातलं, म्हणून सीई (युरोपात विकायला लागणारी खूण) आलंच. शिवाय खरेदीच्या अटींत सेमी या चिप-उद्योग संघटनेची दोन मानकं आहेत: एस२ (मशीनची सुरक्षितता) आणि एफ४७ (व्होल्टेज क्षणभर घसरलं तरी तग धरणं). एफ४७ चं निभावलं. व्होल्टेज निम्म्यावर येऊन २०० मिलिसेकंद राहिलं तरी मशीन बंद पडत नाही. मेन कॉन्टॅक्टरची (मुख्य वीज जोडणाऱ्या स्विचची) कॉइल २४ व्होल्ट डीसीवर घेतली नि प्रश्न मिटला. घोडं अडलंय रेडिएटेड एमिशनवर, म्हणजे मशीनमधून हवेत सुटणाऱ्या रेडिओ लहरींवर.

प्लाझ्मा पेटवणारा आरएफ (रेडिओ फ्रीक्वेन्सी) जनरेटर १३.५६ मेगाहर्ट्झचा. २७.१२ आणि ४०.६८ ला पीक येतात, पण ते आयएसएम बँडमध्ये (उद्योग, विज्ञान, वैद्यकीय वापरासाठी ठेवलेल्या पट्ट्यात) असल्याने त्यांची चिंता नाही. ५४.२४ आणि ६७.८ ला मात्र क्लास ए ची (औद्योगिक जागेसाठीची) मर्यादा ओलांडली जाते. ५० ओमचा डमी लोड (प्लाझ्माऐवजी जोडायचा रेझिस्टर) लावला की सगळं शांत, प्लाझ्मा पेटवला की दोन्ही पीक हजर. जनरेटरवाला स्वतःचं सीई दाखवून हात झटकतो.

दोन शंका:

१. जनरेटर बदलून उपयोग होईल का?

२. पंप, चिलर धरून मशीन टेस्ट चेंबरमध्ये मावत नाही. जागेवरच मोजलं तर चालेल?

आणि जाता जाता: ईएमओ (आणीबाणीत मशीन बंद करायचं बटण) दाबल्यावर गॅस गळतीचा डिटेक्टर चालू राहिला तर एस२ ला चालतं ना? आमच्यात यावरून रोज वाद होतात.

उत्तर:
जनरेटर बदलू नका, पैसे वाया जातील. प्लाझ्माचा शीथ (कडेचा थर) नॉन-लिनियर असतो, हार्मोनिक (मूळ फ्रीक्वेन्सीच्या पटीतल्या लहरी) तिथेच तयार होतात. डमी लोडवर ते दिसणार कसे? जनरेटरवाल्याचं सीई खरं आहे, पण सुटे भाग पास म्हणून अख्खं मशीन पास होत नाही.

आधी नियर-फील्ड प्रोब (जवळून गळती शोधायचा छोटा अँटेना) घेऊन मॅचिंग बॉक्सच्या (जनरेटर नि प्लाझ्मा यांचा मेळ घालणाऱ्या पेटीच्या) दाराच्या फटीवरून फिरवा. गॅस्केटखाली (फट बुजवणाऱ्या वाहक पट्टीखाली) पावडर कोटिंग आहे का बघा. बहुतेक वेळा असतंच, आणि मग ते गॅस्केट शोभेपुरतं. खरवडून उघडा धातू करा. केबलची शील्ड लांब शेपटी काढून अर्थ केली असेल तर ती ३६० अंशांच्या क्लॅम्पमध्ये घ्या. हीटर आणि थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या) वायरी प्लाझ्माच्या चेंबरमधून आरएफ बाहेर आणतात, तिथे फिल्टर हवा.

सीआयएसपीआर ११ (अशा मशीनच्या रेडिओ अडथळ्यांचं मानक) मध्ये क्लास ए ला जागेवर मोजायची मुभा आहे, पण तो निकाल त्या एका जागेपुरताच. दुसऱ्या फॅबला (चिपच्या कारखान्याला) मशीन पाठवताना तोच रिपोर्ट पुढे करू नका.

डिटेक्टरचं: चालतं. धूर, गॅस, पाणी गळतीचे सेन्सर चालू ठेवायला एस२ मध्ये सूट आहे. उलट ते बंद पडले तरच पंचाईत.

धागाकर्ता:
धन्यवाद! दाराच्या चौकटीवर खरंच कोटिंग होतं. खरवडल्यावर ६७.८ मर्यादेखाली गेलं. ५४.२४ अजून हट्टाला पेटलंय, पण थर्मोकपलची वायर हाताने हलवली की रीडिंग बदलतं. फीडथ्रू फिल्टर (वायर भिंतीतून जाते तिथे बसणारा) मागवलाय. या वायरीसाठी कुणी कुठला वापरला असेल तर सांगा, तापमानाचं रीडिंग बिघडायला नको.