हाताने शिकणाऱ्या पोरांचा वेगळा गट करावा का?

खानापूरच्या बाई: माझ्या चौथीच्या वर्गात एक पोरगा आहे. फळ्यावर १/४ लिहिलं की त्याची मान खाली. परवा घरून शेर, मापटं, चिपटं ही धान्य मोजायची जुनी मापं नेली. त्याने चिपट्याने चारदा तांदूळ ओतून शेर भरला, वरची शीग तळहाताने उतरवली आणि म्हणाला, "बाई, चिपटं म्हंजे पाव शेर की!" बुद्धिमत्ता एक नसून सात आहेत (भाषेची, गाण्याची, हाताअंगाची वगैरे), असं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये मांडलं, निसर्ग ओळखण्याची आठवी पुढे जोडली. मग ज्याची जशी बुद्धी तसे गट पाडून का शिकवू नये?

निपाणीचे मास्तर: बाई, पोराला उमगलं याचा मलाही आनंद आहे. पण गट नकोत. बुद्धिमत्ता वेगळी आणि शिकण्याची शैली, म्हणजे बघून, ऐकून की हाताने करून शिकायचं ते, वेगळी, हे गार्डनर यांनीच २०१३ मध्ये लिहिलंय. शैली जुळवून शिकवलं की जास्त येतं याला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष मानसशास्त्रज्ञांनी २००८ च्या आढाव्यात काढला होता. आणि एक सांगा, त्या दिवशी बाकीच्या पोरांना अपूर्णांक कळला की नाही?

बाई: कळला, सगळ्यांना.

मास्तर: मग माप त्या पोराचं नव्हतं, अपूर्णांकाचं होतं. नकाशा बघूनच शिकायचा, कविता तोंडाने म्हणतच. पद्धत धडा ठरवतो.

येळ्ळूरचा पालक: माझ्या मुलीवर "गाण्यातली" असा शिक्का बसला. कन्नडही गाण्यांवरच शिकवलं. डझनभर गाणी पाठ आहेत, पण बेळगावला जायच्या बसची कन्नड पाटी तिला वाचता येत नाही. स्टँडवर ती दुसऱ्यांना विचारत उभी राहते. अक्षरं डोळ्यांखालून, हाताखालून गेलीच नाहीत. शिक्का मारणाऱ्यांचा हेतू चांगला होता, नुकसान मात्र पोरीचं झालं.

बाई: दादा, हे वाचून वाईट वाटलं. एकाच पद्धतीवर पोराला सोडायचं नाही, हे मान्य. उद्या चिपट्याशेजारी पाटी ठेवून १/४ लिहून घेते. पण मास्तर, तो पोरगा कुठे अडतो आणि कुठे खुलतो हे बघितलं नसतं, तर माप शाळेत आलंच नसतं. वर्षभर फळाच होता ना! भ्यालेल्या पोराला आधी त्याच्या हातातलंच द्यावं लागतं. पहिले आठ दिवस तरी गट मी ठेवणारच.

मास्तर: आठ दिवस ठेवा. नवव्या दिवशी मोडा.