मदत हवी आहे : खुल्या चर्चेसाठी मुस्लिम अभ्यासमंडळाचे सदस्यत्व

सर्वांना सप्रेम नमस्कार आणि आदाब. मी सोलापूरचा रहिवासी असून, धर्म, तत्त्वज्ञान व समाज यांविषयी मोकळेपणाने वादसंवाद करणाऱ्या एखाद्या मुस्लिम अभ्यासमंडळात रीतसर सामील होण्याची माझी मनापासून इच्छा आहे. हमीद दलवाई यांनी 1970 मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाचे कार्य मला परिचित आहे आणि त्याविषयी आदरही आहे. परंतु तो मुख्यतः सुधारणेचा लढा आहे, आणि मी शोधतो आहे ती ग्रंथ समोर ठेवून, श्रद्धावान व संशयी या दोघांनाही सारखाच वेळ देणारी बैठक. इस्लामी धर्मशास्त्राचे पंडित गझाली यांनी तत्त्वज्ञांवर केलेल्या टीकेला मुस्लिम तत्त्वज्ञ इब्न रुश्द यांनी बाराव्या शतकात मूळ मजकूर उद्धृत करीत मुद्देसूद उत्तर दिले. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्ण मांडण्याची ती शिस्त मला शिकायची आहे.

प्रा. फक्रुद्दीन बेन्नूर यांच्यासारखे अभ्यासक ज्या शहरात घडले, तेथे अशी मंडळी आजही असतील, असा माझा विश्वास आहे. सोलापुरात किंवा पुण्यात असे मंडळ कोणाच्या माहितीत आहे का? सदस्यत्वासाठी शिफारस लागते का, अरबी वा उर्दू येणे आवश्यक असते का, आणि मुख्य म्हणजे मराठीतून निबंध वाचता येतो का? माझ्यासोबत येऊ इच्छिणाऱ्या मुस्लिमेतर मित्राला तेथे श्रोता म्हणून बसता येईल का, हेही अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.