अँटनीचा डेनारियस घेतला, चुकलं का?

नाणेवेडा: काल लंडनला कॉइन फेअरमधे शंभर पौंडांना रोमन सेनापती मार्क अँटनीचा डेनारियस (रोमन चांदीचं नाणं) घेतला, इ.स.पू. 32-31 चा, अ‍ॅक्टियमच्या लढाईआधी सैन्याच्या पगारासाठी पाडलेला, एकीकडे वल्ह्यांचं जहाज, दुसरीकडे गरुड आणि लीजनचा, म्हणजे रोमन सैन्याच्या तुकडीचा, नंबर, तो इतका झिजलाय की नख फिरवूनही कळत नाही सहावी का सोळावी. बायको म्हणते चोरीचा माल आणलास. अरे ढिगाने पाडलेली नाणी, हौशी माणसाने सांभाळलं एखादं तर काय बिघडलं?

खापरतुकडा: वहिनी बरोबर बोलतायत. कुठल्या शेतातनं निघालं, माहितीये का? 1998 ला इंग्लंडात सॉमरसेटमधे शॅपविकला मेटल डिटेक्टरवाल्या दोघांना नऊ हजारांवर डेनारियस सापडले, त्यांनी गपचूप विकले नाहीत म्हणून तिथे जमिनीत रोमन वाडा आहे हे कळलं. त्यातही तुझ्या अँटनीची नाणी होती आणि शेवटचं नाणं इ.स. 224 चं! अडीचशे वर्षं ती फिरत होती हे साठा एकत्र राहिला म्हणून दिसतं. तुझं एकटं नाणं मुकं आहे.

नाणेवेडा: मुकं कसं, झीज बोलते की. अँटनीने चांदीत भेसळ केली म्हणून ती कोणी वितळवली नाहीत, हलका पैसा आधी खपवायचा हे बाजारात कोणाला शिकवावं लागत नाही. आणि शॅपविक तर माझ्याच बाजूचं उदाहरण, सापडलं हौशी लोकांनाच, तिकडे कायद्याने बक्षीस मिळतं म्हणून लोक दाखवतात.

खापरतुकडा: ते इंग्लंडपुरतं. बल्गेरियात रात्री शेतं उकरतात त्याचं काय? ब्रूटसने सीझरच्या खुनाची आठवण म्हणून पाडलेलं सोन्याचं नाणं 2020 ला लिलावात 32 लाख पौंडांवर गेलं, मालकीचा इतिहास खोटा निघाला, 2023 ला ग्रीसला परत. तिथे ही गत, तर शंभर पौंडवाल्याला कोण विचारतो!

लीड्सकर: मधेच बोलतो, भारतात घेऊन जाऊ नकोस, 100 वर्षांवरचं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू, परत बाहेर काढताना रडशील. आणि चिंच-बिंच लावून चकचकीत करू नकोस रे बाबा, आमच्या काकांनी केलंय ते.

नाणेवेडा: चिंच नाही लावत 😅 विक्रेत्याला मेल टाकलाय, नाणं आधी कोणाकडे होतं ते दाखवणारं काही, जुन्या मालकाचं पाकीट किंवा लिलावाचं तिकीट, असेल तर पाठव म्हणून. आलं तर फोटो टाकतो. नाही आलं तरी नाणं परत देणार नाहीये, आधीच सांगतो.