पोर्चच्या दिव्यावरचं रॉबिनचं घरटं
पोर्चच्या दिव्यावरचं रॉबिनचं (इथे अमेरिकेत अंगणात दिसणारा तांबूस छातीचा पक्षी) घरटं काढू का, असं एकाने विचारलंय. कृपया काढू नका. आत अंडी असतील तर अमेरिकेच्या १९१८ च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्याने त्याला हात लावता येत नाही. अंडी उबायला साधारण दोन आठवडे, पिल्लं उडायला जवळपास तेवढेच. तोवर गॅरेजमधून ये-जा करा आणि लॉनवर कुठलंही औषध मारू नका, पिल्लांचं खाणं तिथलंच! पाऊस थांबला की रॉबिन मादी चार पावलं पळते, मान तिरकी करून थबकते आणि गांडूळ ताणून बाहेर काढते. मुलांना खिडकीतून जरूर दाखवा.

बागेचं म्हणाल तर, मिरची-टोमॅटोची रोपं इथे न्यू जर्सीत मेच्या मध्याआधी बाहेर नकोत. एका रात्रीच्या गोठलेल्या दंवाने काळी पडतात.